टाच अधांतरी हवी: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची टाच कशी जपायची

माझे मामंजी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, तालमीत घडलेले. सत्तरी उलटली तरी पायात कोल्हापुरी घालून रोज रंकाळ्यापर्यंत चालत जायचे. एका जुलैत अंगणातल्या शेवाळावर पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होईपर्यंत पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत घरातल्या प्रत्येकाची नजर खुब्यावर होती. सहाव्या दिवशी मी मोडलेल्या पायातला मोजा काढला, तर टाचेच्या मागच्या बाजूला पिकल्या जांभळाच्या रंगाचा डाग. मी स्वतः परिचारिका. वॉर्डात इतरांच्या टाचा बघत आले होते, घरच्या माणसाची बघितली नाही. खुबा जुळून ते वॉकर धरून उभे राहिले, तरी टाच भरली नव्हती. तिला पाच महिने लागले.

तेव्हापासून घरोघरी रुग्णसेवेला जाते तिथे मी पांघरूण पायाकडून उचलते. बहुतेक ठिकाणी पाठीची काळजी घेतलेली असते, कारण पाठीला बेडसोर, म्हणजे पडून राहून दाबाने होणारी जखम, होतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. टाचेचं कुणी सांगितलेलंच नसतं. माकडहाडाखालोखाल सर्वांत जास्त बेडसोर टाचेलाच होतात. पण टाच वाचवणं पाठ वाचवण्यापेक्षा सोपं आहे. पाठ हवेत ठेवता येत नाही, टाच ठेवता येते.

राठ टाचेला का होतं?

“सिस्टर, त्यांची टाच बघा की किती राठ हाय, तिला काय होतंय?” हे मला फार ऐकायला मिळतं. टाचेचा राठ भाग खालचा, जो जमिनीला लागतो. माणूस उताणा झोपला की गादीला टेकते ती टाचेची मागची बाजू. तिथली कातडी पातळ असते, आत चरबीचा थर जेमतेम आणि लगेच हाड. पायाचा भार रुपयाएवढ्या जागेवर येतो. बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही, आणि आतलं मांस हाडाजवळून मरायला लागतं. हे काही तासांतही घडू शकतं.

आपण एका कुशीवर अवघडलो की झोपेतसुद्धा पाय हलवतो. लकव्याचा पाय हलत नाही. मोडलेला पाय हलवायची रुग्णाला भीती वाटते. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असते, त्यामुळे टाच दुखतेय हेच कळत नाही. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर केला असेल तर तेवढे तास तीच गत. पायाच्या रक्तवाहिन्या तंबाखूने किंवा वयाने अरुंद झाल्या असतील तर आधीच कमी असलेलं रक्त थोड्या दाबानेही बंद होतं. यांतली एक गोष्ट जरी तुमच्या माणसाला लागू असेल, तर डाग दिसायची वाट बघू नका. अंथरुणाला खिळल्याच्या पहिल्या दिवसापासून टाच उचला.

पहिला दिवस मुद्दाम म्हणते. आतल्या मांसाला झालेली इजा वर दिसायला दोन-तीन दिवस लागतात. शुक्रवारी दिसलेला जांभळा डाग मंगळवारी किंवा बुधवारी पडलेला असू शकतो, म्हणजे स्ट्रेचरवर, एक्स-रेच्या टेबलावर, ऑपरेशनची वाट बघताना. दवाखान्यात तुम्ही जवळ असाल तर तिथल्या सिस्टरना विचारा, “टाचेखाली मोकळं राहील असं पोटरीखाली काही देता का?” यात संकोच नको.

आधी टाच बघायला शिका

दिवसातून दोनदा, सकाळी अंग पुसताना आणि रात्री झोपवताना. मोजे पूर्ण काढायचे. मोबाइलचा टॉर्च लावून टाचेची मागची बाजू आणि दोन्ही कडा बघायच्या. पाय उचलणं अवघड असेल तर खाली छोटा आरसा धरा. घोट्याची हाडं आणि बोटांची टोकंही त्याच वेळी बघून घ्या.

लाली दिसली तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. जागा फिकट होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरतंय, पण टाच तिथे टेकत होती हे नक्की. फिकट झालीच नाही तर तो बेडसोरचा पहिला टप्पा. कातडी फाटलेली नसली तरी त्याला जखमच समजा.

आपल्यातल्या पुष्कळांच्या सावळ्या, काळ्या वर्णावर ही लाली दिसतच नाही. पुस्तकात लाल लिहिलेलं असतं, म्हणून घरचे लाल शोधत बसतात आणि मूळ डाग निसटतो. अशा वेळी हाताने बघा. हाताची उलटी बाजू दोन्ही टाचांना आळीपाळीने लावा. एक टाच दुसरीपेक्षा गरम किंवा गार लागते का? एखादी जागा कडक लागते का, की उलट पिकल्या चिकूसारखी दबते? आजूबाजूपेक्षा काळपट, जांभळट दिसते का? रुग्णाला बोलता येत असेल तर दुखतंय का विचारा, नसेल तर हात लावताना चेहऱ्याकडे बघा. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात “उ. ठीक, डा. ठीक” एवढं लिहा. सांभाळणारे हात बदलतात, दिवसा सून, रात्री मुलगा, रविवारी लेक. लिहिलेलं सगळ्यांना दिसतं.

टाच उचलायची कशी

मऊ गादी, मऊ उशी, मऊ कापूस टाचेखाली घालून काम भागत नाही. मऊ वस्तूवरही टाच टेकतेच. टाचेखाली काहीही नको, निव्वळ हवा हवी. भार पोटरीने घ्यायचा, कारण पोटरी लांब, मांसल आहे आणि भार पसरून घेऊ शकते.

त्यासाठी घरातली घट्ट, चपटी उशी चालते. फुगीर, पिसासारखी उशी तासाभरात बसते आणि टाच पुन्हा गादीवर येते. मला सर्वांत आवडते ती सोलापुरी चादर. ती जाड असते, घडी घट्ट बसते आणि धुता येते. जुनी वाकळ असेल तर तीही चालते, फक्त टाक्यांच्या गाठी आणि ठिगळांच्या कडा वर येणार नाहीत अशी घडी घाला आणि तिला सुती अभ्रा चढवा. घडीची उंची आठ-दहा सेंटीमीटर पुरते. पाय बारीक असेल तर कमी.

ठेवायची पद्धत अशी. उशी आडवी न लावता पायाच्या लांबीत लावा, प्रत्येक पायाला वेगळी. वरचं टोक गुडघ्याच्या किंचित खालून सुरू होऊन खालचं टोक घोट्याच्या चार बोटं वर संपलं पाहिजे. खालचं टोक आणखी पुढे गेलं तर टाचेवरच्या जाड शिरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या स्नायूबंधावर भार येतो आणि तिथेच नवी जखम होते. मी हे दोनदा पाहिलंय. टाच वाचली आणि तिच्या वर तीन बोटांवर कातडी गेली.

गुडघा सरळ ताठ ठेवू नका, अगदी थोडा वाकलेला राहू द्या. ताठ गुडघ्यात मागची रक्ताची शीर दाबली जाऊन रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. नुसती गुडघ्याखाली उशी खुपसणं त्याहून वाईट, कारण त्याने शीरही दाबली जाते आणि टाच गादीत आणखी रुततेसुद्धा. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर पाय किती वाकवायचा, उशी कुठपर्यंत घ्यायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करा. सांधा बदललेल्या पायाचे नियम वेगळे असतात.

आता परीक्षा. एक कागद घ्या, लग्नपत्रिकेएवढा. टाचेच्या एका बाजूने आत घाला, दुसऱ्या बाजूने ओढून काढा. न अडता सरकला तर टाच मोकळी. अडला तर घडी वाढवा. लगेच एकदा करून थांबू नका, पंधरा मिनिटांनी परत करा, कारण तोवर उशी भाराने बसलेली असते. माझ्या रुग्णांच्या घरी हा कागद उशाशीच असतो, आणि घरातली शाळकरी पोरंसुद्धा “आज्जीचा कागद सरकला” म्हणून सांगतात.

दुर्बळ पाय झोपेत बाहेरच्या बाजूला कलंडतो. मग टाचेची बाहेरची कड आणि बाहेरचा घोटा गादीला लागतो, वरून सगळं नीट दिसत असतानाही. मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरून टॉवेलची गुंडाळी लावून पाय असा ठेवा, की अंगठा छताकडे राहील. जड रगाने पावलं खाली दाबली जातात, बोटंही दुखावतात. पायाकडे पांघरूण सैल सोडा, खोचू नका. पलंगाच्या पायथ्याच्या फळीला पावलं टेकत असतील तर रुग्णाला वर घ्या.

कुशीवर वळवल्यावर टाच विसरली जाते. दोन्ही गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मध्ये उशी हवीच. शिवाय खालच्या पायाच्या पोटरीखाली पातळ घडी द्या, म्हणजे त्याचा घोटा आणि टाचेची कड सुटी राहील. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कललेलं ठेवा. पूर्ण कुशीत सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो.

रुग्ण पाय झाडत असेल तर

मेंदूचा आजार, वेदना, रात्रीचं भ्रमिष्टपण अशा अवस्थेत घडी दहा मिनिटं टिकत नाही. तिथे टाच मोकळी ठेवणारा बूट घ्यावा. सर्जिकल साहित्याच्या दुकानात “हील प्रोटेक्टर” मागितला तर दोन प्रकार दाखवतात. एकात टाचेभोवती नुसता फोम किंवा लोकर असते. तो घेऊ नका, त्यात टाच मऊ जागेवर टेकलेलीच असते. दुसऱ्यात पोटरीला आधार असतो आणि टाचेच्या जागी भोक किंवा पोकळी असते. तो घ्या. घेण्याआधी हात घालून बघा, टाच खरंच अधांतरी राहते का. पट्टे एक बोट आत जाईल इतके सैल हवेत. दिवसातून निदान दोनदा बूट काढून पट्ट्यांखालची कातडी बघा. बूट घातलेल्या माणसाला उभं करू नका, पडेल.

या गोष्टी करू नका

पाण्याने भरलेला हातमोजा टाचेखाली ठेवणं अजून सगळीकडे चालतं. मोजा लहान, पाणी बाजूला पळतं, भार पुन्हा त्याच जागेवर येतो आणि मोजा फुटला तर अंथरूण ओलं. सलाईनच्या पिशवीचंही तेच. कापडाची चुंबळ किंवा रबरी रिंग टाचेभोवती लावली की मध्ये मोकळं दिसतं, पण कडेच्या गोल दाबाने आतल्या कातडीचं रक्त तुटतं. डोक्यावर घागर घ्यायला चुंबळ ठीक, टाचेला नको.

“रोज तेल लावून खसाखसा चोळतो की ओ मी,” असं एका सुनेने मला मोठ्या मायेने सांगितलं होतं. तिच्या आत्ती लकव्याने पडून होत्या. चोळल्याने रक्त वाढतं असा आपला समज. पण दाबाने दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळण्याने फुटतात. काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपल्याकडची रीत चालत्याफिरत्या माणसासाठी राहू द्या, अंथरुणावरच्या माणसाच्या टाचेला वाटी लावू नका. गरम विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक तर कधीच नको. मधुमेही पायाला चटका बसलेला कळत नाही.

एअर बेड आणलाय म्हणजे टाचेचं काम झालं, हाही गैरसमज. तो पाठीला उपयोगी, जरूर वापरा. पण त्यावरही टाच टेकलेली असते. एअर बेडवरही पोटरीखाली घडी लागतेच. गादी पुरती फुगली आहे का हे रोज बघा: माकडहाडाच्या जागी गादीखाली तळहात सरकवा, हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. वीज गेली की काही वेळात ती बसते, त्यामुळे पावसाळ्यात रात्री उठून एकदा हात लावून बघावं.

ओढणं, घसरणं, वळवणं

टाचेचा दुसरा शत्रू घर्षण. डोक्याकडून पलंग उंच केला की रुग्ण हळूहळू खाली घसरतो, टाचा गादीत रुतवून स्वतःला थांबवायला बघतो, आणि कातडी आतल्या हाडावरून सरकते. जेवण सोडून इतर वेळी डोकं 30 अंशांपेक्षा वर नको. नळीतून अन्न चालू असेल तर किती उंच ठेवायचं ते डॉक्टर सांगतील, तसं करा.

घसरलेल्या माणसाला काखेत हात घालून ओढू नका. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत एक आडवी चादर कायम घातलेली असावी. दोघांनी दोन्हीकडून चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून उचलायचं, ओढायचं नाही. त्याआधी पोटऱ्यांखालच्या घड्या काढा, आणि टाचा घासत येऊ नयेत म्हणून तिसऱ्या माणसाने पाय उचलून धरा. तिसरा नसेल तर पायांखाली जुनी गुळगुळीत नायलॉनची साडी दुमडून घाला, त्यावरून टाचा सहज सरकतात. काम झालं की साडी लगेच काढा, नाहीतर रुग्ण पुन्हा खाली घसरेल.

दर दोन तासांनी कूस बदलायची हा जुना ठोकताळा, सुरुवात त्यानेच करा. चांगल्या गादीवर आणि चांगल्या कातडीच्या माणसाला डॉक्टर-सिस्टरच्या सल्ल्याने थोडा जास्त वेळ चालतो. मात्र टाच दोन तास टेकवून मग उचलायची असा हिशेब नाही. ती चोवीस तास मोकळी हवी.

खुर्चीत बसवल्यावर पावलं सपाट टेकू द्या. पाय लांब करून स्टुलावर ठेवले की भार पुन्हा टाचेच्या मागेच येतो, तिथेही पोटरीखाली घडी हवी.

कातडी आणि ताट

टाच कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडी करा, घासू नका. जंतुनाशक द्रव, स्पिरिट नको, कातडी सुकते. भेगाळलेल्या टाचेवर खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली हलक्या हाताने पसरवायची, बोटांच्या मध्ये नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. दमट अभ्रे वापरावे लागू नयेत म्हणून सुती अभ्रे मे महिन्यातच जास्तीचे करून ठेवा. मोजे घालायचेच तर सैल, सुती, शिवण टाचेवर न येणारे.

धोका जास्त असेल तर सिलिकॉनचं थर असलेलं फोमचं ड्रेसिंग टाचेला आधीच लावतात. त्याचा उपयोग होतो, पण टाच उचलणं त्याने टळत नाही. रोज कडेने उचलून खालची कातडी बघायची आणि पुन्हा चिकटवायचं.

खाण्याबद्दल. ज्याची कातडी धोक्यात आहे त्याला वजनाच्या दर किलोला दिवसाला 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 50 किलोच्या आज्जीला 62 ते 75 ग्रॅम. आपण पडून असलेल्या माणसाला पातळ भात आणि वरणाचं पाणी देतो, त्यात हे कुठून येणार? एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, मोठा पेलाभर दुधात 7-8, वाटीभर घट्ट वरणात 6-7. पांढरा रस्सा, अळणी पाणी माणूस आवडीने पितो आणि तोंडाला चव येते, पण प्रथिनं खालच्या मटणात असतात. ते मऊ शिजवून, बारीक करून द्या. शाकाहारी घरात मुगाचं घट्ट कढण, दही, पनीर, ताकातलं पिठलं, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी. लकव्यानंतर गिळायला त्रास असेल, ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती हे तेच ठरवतील. साखर ताब्यात ठेवणं आणि तंबाखू-मिशरी सोडणं हा टाचेच्याच औषधाचा भाग.

तरीही डाग दिसला तर

दाबून फिकट न होणारी लाली: टाच लगेच पूर्ण मोकळी करा, पेनाने डागाच्या कडेने रेघ मारा, तारीख-वेळ लिहा, आणि दर काही तासांनी बघा. दुसऱ्या दिवशी तशीच असेल किंवा रेघेबाहेर गेली तर दाखवा.

फोड: फोडू नका, सुईने पाणी काढू नका. वरची कातडी हेच त्याचं झाकण. स्वच्छ कोरडं ड्रेसिंग ठेवून डॉक्टरांकडे न्या.

जांभळा किंवा काळपट डाग: आतलं नुकसान वर दिसतंय त्याहून मोठं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

कोरडी, कडक, घट्ट चिकटलेली काळी खपली: ही टाचेच्या बाबतीत मुद्दाम लक्षात ठेवा. ती भिजवू नका, कापू नका, मलम लावून मऊ करू नका. जंतुसंसर्ग नसेल आणि कडा घट्ट असतील तर ती आतल्या जागेचं रक्षण करते, आणि पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर उघडी जखम भरत नाही. तिला कोरडी ठेवून रोज बघायची. खपली मऊ पडली, कडेने सुटली, पू किंवा वास आला, भोवती लाली-सूज पसरली, ताप आला, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना. मधुमेही माणसाची टाचेची कोणतीही जखम याच रांगेत.

डॉक्टरांकडे गेल्यावर पायाच्या नाड्या बघायला सांगा. पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची, अशा दोन नाड्या हाताला लागतात. लागत नसतील तर रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी, म्हणजे पायात रक्त किती वाहतंय हे यंत्राने बघणं, आधी करावी लागते. ती न करता पायाला घट्ट पट्टा किंवा दाबाचे मोजे चढवू देऊ नका. सोय आणि खर्चाची अडचण असेल तर दसरा चौकाजवळच्या सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, शल्यचिकित्सा विभागात दाखवता येतं. जाताना टाचेचे रोज एकाच अंतरावरून, बाजूला मोजपट्टी ठेवून काढलेले मोबाइलमधले फोटो आणि कॅलेंडरचं पान बरोबर न्या.

गाडीतून नेतानाही पोटरीखालची घडी तशीच राहू द्या, आणि तपासणीच्या टेबलावर झोपवल्यावर ती पुन्हा मागून घ्या.